होकायंत्रामागचा नाल

मी एक जुनं टेहळणी विमान आहे. मित्रांनो, आभाळातून रस्ते, पूल हुडकायचे आणि त्यांचे फोटो आणायचे, यासाठी माझा जन्म. आज मी शेडमागे कोंबड्यांना सावली देतो. संताप येणार नाही तर काय?

इटलीत नोवाराजवळ, भातखाचरांच्या कडेला एका छोट्या कारखान्यात मला घडवलं. माझ्यासारखा मी एकटाच, नमुना म्हणून केलेला. सरकारी चाचणीत उतरलो तर माझी भावंडं बनणार, नाहीतर कारखान्याला टाळं. माझ्या लाकडी पंखांवर एर्सिलियाबाईंनी कापड शिवलं. त्यांचा टाका म्हणजे टाका! पण त्यांची माया? देवा रे!

चाचणी आली नेमकी सतरा तारखेला, त्यात शुक्रवार. आमच्याकडे सतरा म्हणजे अवदसाच. वैमानिक ग्वाल्तिएरोने कॉफी तशीच ठेवली.

"बाई, आज मी उडत नाही. मरायचंच तर उद्या मरीन."

"गप रे, शुभ बोल! हा बघ आमच्या खेचराचा नाल. लोखंड जवळ असलं की सतराशे विघ्नं टळतात."

ग्वाल्तिएरोने डोळे मिटून छातीवर क्रूस काढला. तेवढ्यात बाईंनी नाल खोचला. कुठे? होकायंत्राच्या मागे! दिशा दाखवणाऱ्या सुईपाशी एवढं लोखंड! मी ओरडलो असतो, पण विमानाला तोंड कुठे असतं?

वर गेलो तर खाली धुकं. सुई नालाकडे वळली, ग्वाल्तिएरो सुईच्या मागे. धुकं फाटलं तिथे फोटो काढले. आणायचा होता नदीवरचा पूल. आणले मठातल्या नन्सचे वाळत घातलेले कपडे. उतरलो तोही चिखलात.

सकाळी माझी तारीफ करणारे अधिकारी म्हणाले, "याला दिशाच कळत नाही."

मला? अहो, होकायंत्रामागे जरा वाकून बघा ना! हुडकायला बनवलेल्या मला कोणी हुडकून पाहिलं नाही.

कारखान्याला शेवटची एक संधी मिळाली. माझा धाकटा भाऊ शेडमध्ये तयार उभा आहे, आज त्याची चाचणी. आत्ताच एर्सिलियाबाई आल्या. माझ्या फाटक्या पंखावरून हात फिरवताना त्यांचे डोळे भरले. राग धरू म्हटलं तरी धरवेना. मग त्यांनी आत हात घालून नाल काढला आणि एप्रनला पुसला.

"चिखलात पडूनही ग्वाल्तिएरो जिवंत राहिला, तो याच्यामुळेच. आता धाकट्याला उपयोगी पडेल."

आणि निघाल्या की हो शेडकडे!

मित्रांनो, कुणाची काळजी घ्यायची तर आधी त्याला समजून घ्या. पण हे नंतर. तुम्हाला पाय आहेत, तोंड आहे. आधी धावा आणि बाईंच्या हातातला तो नाल काढून घ्या!