चार नंबरचा पंच

माझगावच्या त्या कारखान्यात भिवाची ओळख म्हणजे सात नंबर. सांधा जोडून झाला की वेल्डरने शेजारी आपला नंबर पंचाने, म्हणजे आकडा कोरलेल्या पोलादी ठशाने, ठोकायचा, अशी तिथली रीत. उद्या सांधा फुटला तर कुणाची मान धरायची ते लगेच कळावं, म्हणून. भिवा मात्र आपला सात अशा ऐटीत ठोकायचा, जणू दस्तऐवजावर सही करतोय. आणि का करू नये? हातच तसा होता त्याचा.

चार नंबरचा पंच मालकांच्या खणात कुलपात पडला होता. तो गुणाजीचा. भायखळ्याच्या चाळीतल्या भिवाला जवळ करायला बाकीचे जातीमुळे का-कू करत होते, तेव्हा या मालवणी माणसाने स्वतःच्या डोळ्यांपुढची काळी काच काढून त्याच्या हातात दिली होती. "बघ रे, भितस कित्याक?" म्हणाला होता. भिवा वेल्डिंग शिकला ते तिथून.

गेल्या वर्षी गुणाजीने जोडलेला बॉयलरचा ड्रम चाचणीत पाण्याच्या दाबाखाली सांध्याच्या कडेला तडकला. नंबर ठोकलेला होताच. त्याच दिवशी त्याला घरी बसवलं. आता तो परळला भावाच्या खोलीत दिवस काढत होता.

भिवाला खरं काय ते ठाऊक होतं. जाड पत्रा जोडला की सांध्यापाशी लोखंड आतून ताणलेलं राहतं. तो ताण घालवायला अख्खा ड्रम भट्टीत सहाशे अंशांवर तापवायचा आणि दार बंद ठेवून तीनशेखाली येईस्तोवर आतल्या आत सावकाश निवू द्यायचा, हे त्याला गुणाजीनेच शिकवलं होतं. पण कारखान्यात जुनी प्रथा होती. भट्टीचं दार उघडलं की मालकांनी नारळ फोडायचा आणि माल 'शांत' करायला त्यावर बादलीभर पाणी ओतायचं. पूर्वी पत्रे रिव्हेटने जोडायचे, तेव्हा खपून गेलं. गुणाजीच्या ड्रमवर पाणी पडलं तेव्हा भट्टीचा काटा चारशेवर होता, आणि बादली भिवाच्याच हातात होती. मालक ओत म्हणाले, त्याने ओतली. गुणाजीला काढलं तेव्हाही भिवाच्या तोंडून शब्द फुटला नाही. याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची.

आज भट्टीत लालबागच्या गिरणीचा ड्रम होता, सगळे सांधे भिवाचे. हा तडकला तर सात नंबरचा पंचही खणात जाणार. टिकला तर चार नंबरसाठी भांडायला तोंड राहणार.

दुपारी बाराला मालक चिंतामणराव फणसवाडीहून नारळ घेऊन आले. दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी बंद, ट्रक हलणार नाही, तेव्हा दाबाची चाचणी उरकून माल त्यांना आजच बाहेर काढायचा होता.

"उघड दार," ते म्हणाले.

भिवाने काटा पाहिला. साडेचारशे. "नाही साहेब. तीनशेखाली आल्याशिवाय नाही. संध्याकाळ होईल."

"मुहूर्त टळेल."

"टळू दे."

चिंतामणरावांचा चेहरा बदलला. "कळलं. तुम्ही लोकांनी बुद्धाची दीक्षा घेतली, आता तुम्हाला नारळ चालत नाही. म्हणून आम्हीही बंद करायचं का?"

भिवाची कानशिलं तापली. त्याच्या घरी आता नारळ फुटत नव्हता हे खरं, आणि त्याचा त्याला अभिमानच होता. पण आजची गोष्ट वेगळी होती.

"नारळ तुमचा, साहेब. फाटकापाशी फोडा, मी आडवा येत नाही. पण या मालावर पाण्याचा थेंब पडायचा नाही. ओतायचंच असेल तर माझा सात घासून काढा आणि तिथे तुमचं नाव ठोका."

बोलून तो भट्टीच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. असं मालकांशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

"तडकला तर परवापासून इथे दिसायचं नाही," एवढं म्हणून चिंतामणराव निघून गेले.

संध्याकाळी काटा तीनशेखाली आला, तेव्हाच भिवाने दार उघडलं. बंदच्या दिवशी मोर्चात घसा फुटेस्तोवर तो ओरडला, पण अर्धा जीव माझगावात होता.

तिसऱ्या दिवशी ड्रममध्ये पाणी भरून पंप मारला. दाबाचा काटा लाल रेघेपर्यंत चढला. अर्धा तास भिवा सांध्यांवरून बोटं फिरवत राहिला. बोटं कोरडी ती कोरडीच. काटा तसूभर हलला नाही.

चिंतामणरावांनी ड्रमला एक फेरी मारली. माणूस तापट, पण खोटा नव्हता. "तुझंच खरं ठरलं. काय हवं ते माग."

"चार नंबरचा पंच, साहेब. गुणाजीच्या ड्रमवर गरम असताना पाणी ओतलं ते मी. आधी बोलायला हवं होतं."

चिंतामणरावांनी किल्ली काढली. मग खण उघडत म्हणाले, "ओत म्हणणारा मी होतो. चल, त्याची खोली दाखव."

परळच्या खोलीत मालकांनी पंच गुणाजीच्या हातावर ठेवला आणि चूक आपली होती हे सरळ सांगितलं. गुणाजी चारच्या आकड्यावरून अंगठा फिरवत राहिला. मग त्याने भिवाला विचारलं, "दार कधी उघडलंस?"

"तीनशेखाली आल्यावर."

गुणाजीचे डोळे भरून आले. मालकांकडे वळून तो ताठ मानेने म्हणाला, "माझो चेलो आसा तो."