मशीन कुणी लावायचं

विद्यापीठाच्या गोठ्यात मी रोजंदारीवर धारा काढते, तरणीताठी होते तवापासून. आता बोटं वळंनात. हे मी कुणालाच सांगितलं न्हवतं. रोजंदारीचं माणूस, "उद्यापासून येऊ नका" म्हणायला कितीसा वेळ लागतो?

तशात जुन्या साहेबांनी दूध काढायचं मशीन आणलं. इचारणं न्हाई, पुसणं न्हाई, भिंतीला हुकूम चिकटवला: सोमवारपासून हातानं धार बंद. मेल्यानं कधी शेणात पाय घातला न्हवता, अन् आमाला शिकवायलाय. आमी बी काय कमी न्हाई. माझ्यासंगं धारा काढणाऱ्या बजरंगानं मशीनची नळी ढिली केली, मी "गाय बिथरती, गाय बिथरती" म्हणून वरडले. मशीन पोत्याखाली गेलं. साहेब बी बदलून गेले.

त्यांच्या जागी मंजुषा मॅडम आल्या. सकाळच्या धारेला गोठ्यात येऊन पालथ्या बादलीवर बसल्या अन् म्हणाल्या, "मशीनची भीती कशाची वाटते, ते तरी सांगा."

माझं डोस्कंच फिरलं. म्हणलं, "पोटावर पाय येतो, त्याची. माझी बोटं वळंनात. मशीन सुरू झालं की मला गावाकडं झरीला घरी बसवताल."

बोलून गेले अन् बोटं पदराखाली लपवली.

मॅडम म्हणाल्या, "नोकरीत कायम करणं माझ्या हातात नाही, छबूबाई. पण मशीन चालवायला मी बाहेरचं माणूस आणणार नाही. कोणत्या गाईला कधी लावायचं, ते तुम्हीच ठरवा."

ठरवलं. अन् पहिल्याच दिवशी घोळ घातला. मी घाईघाईत, गाईनं पान्हा सोडायच्या आधीच मशीन लावलं. तिनं लाथ झाडली, बादली आडवी, दूध सगळं नालीत.

दूध कमी भरलं म्हणून मोठ्या ऑफिसातून मॅडमना फोन आला. चूक कुणाची, नाव सांगा, म्हणायले. मी समोरच उभी.

"मशीन लावा म्हणून मीच सांगितलं होतं, सर. नाव माझं लिहा," मॅडम म्हणाल्या. फोन ठेवून मला इचारलं, "गाईला लागलं तर नाही ना?"

मला रडूच आलं. इतकी वर्षं राबले, पण माझ्यासाठी असं कुणी मधी उभं राहिलं न्हवतं.

दुसऱ्या दिवशी बजरंग गुमान हातानं धार काढायला बसला. मी त्याच्या पुढची बादली ओढली.

"ऊठ. मशीन घे."

"का? मॅडमनी सांगितलं?"

"त्या काय बी म्हणल्या न्हाईत. मी सांगायलेय."