गुडघ्याखालचा थांबा

एकशे दहा किलो योगिनी बिनदिक्कत उचलायची. त्यावर पाच किलो चढवले की मात्र गाडं अडायचं. वजनं लावलेला लोखंडी बार जमिनीवरून सुटायचा, नडग्यांवरून वर यायचा आणि गुडघ्याच्या जरा खाली येऊन जो थांबायचा, तो थांबायचाच. ती दातओठ खाऊन ओढायची, पाठ धनुष्यासारखी वाकायची, डोळ्यांसमोर काजवे चमकायचे, आणि शेवटी धाडकन बार खाली यायचा. हैदराबादच्या दिलसुखनगरातल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या जिममध्ये सगळे क्षणभर वळून पाहायचे आणि पुन्हा आपापल्या कामाला लागायचे.

उन्हाळ्यापासून हे असंच चाललं होतं.

योगिनी जामबागच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. मुलीच्या जन्मानंतर तिची कंबर धरली होती आणि एका डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, "आता जन्मभर पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही." तिने ते इतकं मनावर घेतलं की पोटची पोर हात वर करून रडायची तरी ही खाली बसून तिला जवळ घ्यायची, उचलायची नाही. तीन वर्षं तशी काढली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हाडं ठणठणीत आहेत, स्नायू दुबळे झालेत, ते कमवा. अशी ती जयवंतामॅडमच्या हाताखाली आली.

जयवंतामॅडम एकेकाळी रेल्वेकडून वेटलिफ्टिंग करायच्या. घरची भाषा मराठी, पण सगळं आयुष्य हैदराबादेत गेल्यामुळे त्या बोलता बोलता केव्हा दखनीत शिरायच्या ते त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. त्यांनी योगिनीला रिकाम्या बारपासून शिकवलं होतं. आता डिसेंबरात डेडलिफ्टची, म्हणजे बार जमिनीवरून उचलून सरळ उभं राहण्याची, राज्य पातळीची स्पर्धा होती आणि योगिनीने नाव दिलं होतं. तिला तिथे एकशे पंधरा उचलायचे होते. पदकबिदक दूरची गोष्ट. तिला तो गुडघ्याखालचा थांबा एकदा ओलांडायचा होता.

"अजून ताकद पाहिजे मला," एका संध्याकाळी बार पडल्यावर ती धापा टाकत म्हणाली.

"ताकद है रे तेरे में," जयवंतामॅडम म्हणाल्या. "ती वाया जातीय. ये, बघ."

त्यांनी बाजूने मोबाइलवर शूटिंग केलं होतं. योगिनीने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. आपण सरळ ओढतो अशी तिची खात्री होती. पण पडद्यावर दिसत होतं वेगळंच. बार सुटायच्या आधीच तिची कंबर वर जात होती, गुडघे जवळजवळ सरळ होत होते, आणि बार पायांपासून चार बोटं पुढे पळत होता. गुडघ्याशी येईपर्यंत पायांचं काम संपलेलं, सगळा भार एकट्या पाठीवर.

"भरलेली घागर तू लांब हात करून धरशील का? कमरेला लावूनच धरशील ना? मग ह्याला कैकू दूर जाने देती?"

"मग आता?"

"आता ऐंशी किलो. गुडघ्याखाली, जिथे अडतो ना, तिथेच थांबायचं. दोन आकडे मोजायचे. मग वर."

"ऐंशी?" योगिनीला ते जिव्हारी लागलं. "मॅडम, ऐंशी मी पहिल्या वर्षी उचललेत!"

"उचललेत. पण चुकीचे उचललेत."

ती ऐंशीवर आली, पण मनाने नाही. रोज कॉलेज उरकून यायचं आणि नवशिक्यांचं वजन घेऊन मधेच थांबायचं. शेजारी तिच्यामागून आलेल्या पोरी तिच्याहून जड बार ओढायच्या. दिवाळीनंतर जयवंतामॅडम कसल्याशा लग्नासाठी वरंगलला गेल्या आणि योगिनीचा धीर सुटला. एवढे आठवडे केलं, आता जमेलच, असं म्हणत तिने बारवर एकशे पंधरा चढवले. पट्टा आवळला, हाताला खडूची पूड चोळली आणि ओढला.

बार गुडघ्याखाली थांबला. तिने सोडायला हवं होतं. तिने हिसका दिला.

कमरेत डाव्या बाजूला चमक निघाली आणि ती तिथेच खाली बसली.

घरी विद्यानगरला ती भिंतीचा आधार घेत आली. नवरा गौतम गरम पाण्याची पिशवी घेऊन आला. सासूबाई इंदुताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "डॉक्टर बोलले होते ना गं? बाईच्या जातीला हे कशाला पाहिजे? बस झालं आता."

योगिनी गादीवर आडवी झाली. दुखण्यापेक्षा भीती मोठी होती. ती तीच जुनी भीती होती, पोर हात वर करून उभी असायची तेव्हाची. ती पडून राहिली आणि तिला कळून चुकलं की आज आपण इथे थांबलो तर पुन्हा पाच किलोवर यायला वेळ लागणार नाही.

"आई," ती सावकाश म्हणाली, "मी चुकले. उचलण्यात नाही, घाई करण्यात."

डॉक्टरांनी पाहून सांगितलं, स्नायू आखडलाय, आठवडाभर जपा. आठवडा संपताच ती जिममध्ये गेली आणि मॅडमना सगळं खरं सांगून टाकलं. जयवंतामॅडमनी हातातला पट्टा खाली ठेवला.

"पुन्हा मला न विचारता बारला हात लावलास तर मी शिकवणार नाही. समझी?"

"हौ मॅडम."

"चल. साठ चढव."

या खेपेला योगिनीने साठ किलो असे उचलले जणू तेच तिचं सर्वांत मोठं वजन आहे. बार पावलांच्या मध्यावर. नडग्या बारला टेकलेल्या. काखेत रुमाल धरावा तशा बगला आवळलेल्या. आधी बार नुसता ताणायचा, तो प्लेटना भिडून 'टक' असा आवाज येईपर्यंत, आणि मग ओढायचं नाही, पायांनी जमीन खाली ढकलायची. गुडघ्याखाली थांबायचं. थांबलं की मांड्या थरथरायच्या, आणि तिथेच तिला समजायला लागलं की भार कुठे असतो, पाठीवर की पायांत. बार अंगाला घासत वर यायचा. नडग्या सोलवटल्या, तिने लांब मोजे घातले. साठाचे सत्तर झाले, सत्तराचे नव्वद. घाई करावीशी वाटायची, रोज वाटायची. पण ती मॅडमनी सांगितलेलं वजन लावायची आणि उरलेल्या प्लेट जागेवर ठेवून घरी जायची.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी तिने एकशे पाच किलो गुडघ्याखाली थांबवून उचलले. मॅडम नुसत्या "हं" म्हणाल्या. त्यांच्या लेखी ती शाबासकीच होती.

स्पर्धा सरूरनगरच्या एका हॉलमध्ये होती. गौतम मुलीला घेऊन आला होता आणि सगळ्यांना आश्चर्य वाटलं ते इंदुताईही आल्या म्हणून. "घरी बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा इथे बसते," असं म्हणत त्यांनी पुढच्या रांगेतली खुर्ची धरली.

प्रत्येकीला तीन खेपा. पहिली एकशे पाच. तीन पंच, तिघांचे पांढरे दिवे, म्हणजे खेप मान्य. दुसऱ्या खेपेला बारवर एकशे पंधरा चढले.

योगिनीने बार ताणला. टक. जमीन ढकलली. बार सुटला, अंगाला चिकटून वर आला, गुडघ्याखाली येऊन मंदावला. आता अडणार, असं तिला वाटलं. पण या वेळी पायांत अजून जोर शिल्लक होता. बार गुडघा ओलांडून मांडीवर आला, तिने कंबर पुढे रेटली आणि ती सरळ उभी राहिली. हॉलमधून आरोळी उठली. आनंदाच्या भरात तिने बार खाली ठेवला.

मुख्य पंचांचा हात अजून वरच होता. त्यांनी 'डाऊन' म्हटलंच नव्हतं.

तीन लाल दिवे.

"उचललं की तिने!" इंदुताई उठून उभ्या राहिल्या. "आम्ही सगळ्यांनी बघितलं!"

"आई, पंचांनी सांगितल्याशिवाय ठेवायचं नसतं," गौतमने त्यांना खाली बसवलं.

मागच्या खोलीत योगिनी बाकावर बसली. इतके महिने ज्याच्यासाठी घाम गाळला, ते झालं आणि नाही झालं. जयवंतामॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"तिसऱ्या खेपेला वजन कमी करता येत नाही. तोच एकशे पंधरा पुन्हा. दमलीस का?"

"दमलेय."

"कंबर?"

तिने नीट चाचपून पाहिलं. "ठीक आहे."

"सोडायचा?"

"नक्को," योगिनी म्हणाली. "एकदा आला म्हणजे वाट माहीत झालीय त्याला."

मॅडमनी तिच्या हातावर पूड चोळली. नाव पुकारलं गेलं.

दुसऱ्यांदा बार जडच लागला. जमिनीवरूनच कुरकुरत सुटला. गुडघ्याखाली आला आणि खरोखर थांबला, लोकांना दिसेल इतका. आधीची योगिनी इथे हिसका देऊन मोकळी झाली असती. तिने हिसका दिला नाही. बगला आवळल्या, बार मांडीकडे ओढून धरला आणि पायांनी नुसतं ढकलत राहिली. ती जागा तिच्या ओळखीची होती. तिथे ती कितीतरी वेळा थांबली होती. बार केसभर हलला. मग बोटभर. मग गुडघा मागे पडला.

ती सरळ उभी राहिली. खांदे मागे घेतले. हातांची कातडी जळत होती, बोटं सुटू पाहत होती. तिने समोर पंचांच्या हाताकडे डोळे लावले आणि श्वास कोंडून धरला. पंच सावकाश बघत होते. मुलगी कुठेतरी "आई!" म्हणून ओरडली. योगिनीने मान वळवली नाही.

"डाऊन!"

तिने बार दोन्ही हातांत धरून अलगद जमिनीवर टेकवला, मग सोडला.

दोन पांढरे, एक लाल. तेवढे पुरत होते.

ती गटात चौथी आली. खाली उतरली तर इंदुताई गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी तिचे सोललेले तळहात उलटेपालटे करून पाहिले, तोंडाने "चक्, चक्" केलं, आणि जयवंतामॅडमकडे वळून अगदी हिशेबी आवाजात विचारलं,

"त्या एका पंचाने लाल कशाला दिला, ते आधी सांगा."