उपडा कप आणि ठिपकीचं पान

मी विकी बोलतेय, कॉम्प्युटरमधली, घरातल्या कुणीही लिहावं अशी वही. नाव ऐकून बिचकू नका. आहे मी घरचीच, बाईमाणसासारखी सगळ्यांचं ऐकून घेणारी.

वहीची पानं दोऱ्याने शिवलेली असतात. माझी पानं मात्र एकमेकांचा हात धरून उभी असतात. ‘पाण्याची टाकी’ या शब्दावर बोट ठेवलं की टाकीचं पान उघडतं. तिथे प्लंबर भेटतो. प्लंबरवर बोट ठेवलं की तो सोमवारी फोन उचलत नाही हेही कळतं. आणि जे पान अजून कुणी लिहिलेलंच नाही, त्याचं नाव मी फिकट, तिरक्या अक्षरांत दाखवते. येणाऱ्या माणसासाठी खुर्ची धरून ठेवावी, तसं.

मला जन्माला घातलं धाकटीने. गच्चीची किल्ली शोधून शोधून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा एका दुपारी ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि घरातलं काय कुठे आहे ते माझ्या ओटीत टाकून मोकळी झाली.

धाकटीला घरात भुंगी म्हणतात आणि थोरलीला ठिपकी. दोन्ही नावं बाबांनी ठेवलेली. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. थोरली लहानपणी ओल्या रंगात बोट बुडवून पाटीच्या कोपऱ्यात ठिपका द्यायची, म्हणून ती ठिपकी. धाकटी पाळण्यात गुणगुणायची, ती भुंगी.

मग बाबांना झटका आला. पाय सावरले, उजवा हात लुळा राहिला आणि बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, पण शब्दांच्या जागा बदलल्या होत्या. चहा हवा असला की म्हणायचे ‘शिडी’. शिडी आणून दाखवली की स्वतःवरच चिडायचे.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, जो शब्द बरोबर येईल तो लिहून ठेवा, आणि तो येताना आसपास काय होतं तेही लिहा. “शब्द कुठल्या वाटेने परत येतात ते कळलं, की आपल्याला त्या वाटेवर जाऊन उभं राहता येतं,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून माझं रूपच पालटलं. किल्ल्या आणि प्लंबर मागे सरले आणि शब्दांची पानं आली. पहिला आला ‘नको’. मग ब्रश, पिवळा, ऊन. मग ‘मूर्ख’. तो कुणाला उद्देशून आला तेही लिहिलंय, पण घरातली गोष्ट घरात राहू दे. आणि एक दिवस भाजी निवडता निवडता ‘भुंगी’ आला.

माझं एक पान आहे, ‘घरातली माणसं’. त्यावर भुंगी ठळक झाली. तिच्या खाली ठिपकी मात्र तशीच राहिली, फिकट आणि तिरकी.

बाबांची अंघोळ ठिपकीकडे, दाढी ठिपकीकडे, गोळ्याही तिच्याच हातून. बाबा तिला ‘खिडकी’ म्हणायचे, नाहीतर नुसतं ‘ए’. ती हसायची. म्हणायची, हाक मारतात हे काय थोडं झालं. पण कॉम्प्युटर पुसायला आली की त्या फिकट शब्दापाशी तिचं फडकं रेंगाळायचं. कधी ती त्यावर टिचकी द्यायची. मी विचारायचे, हे पान नाही, तयार करू? ती मला बंद करायची.

आता माझ्या येण्या-जाण्याचं सांगते, कारण घोळ तिथेच झाला.

रोज सकाळी भुंगी बाबांना घेऊन बाईंकडे जायची, तिथून बाजारात. तेव्हा मी तिच्या मोबाईलमध्ये बसून जायचे. तिथे फार अंग चोरून राहावं लागतं. वर तिचा अंगठा असा जाडा की ‘पिवळा’चा ‘पिवला’ होतो. घरी आल्यावर ती केबल जोडायची आणि बाहेरची मी घरातल्या मीत विरून जायचे. मात्र एक पथ्य होतं. मी बाहेर असताना घरात कुणी लिहायचं नाही. दोन्हीकडे लिहिलं की मला सांधा जुळवता येत नाही. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार? एक ठेवते, दुसरी जाते.

म्हणून ठिपकीने युक्ती काढली. कान तुटलेला एक कप होता, तो कीबोर्डवर उपडा ठेवायचा. कप उपडा, म्हणजे विकी बाहेर गेलीय. आली की सरळ करून त्यात पेनं ठेवायची. इतकं सोपं की चुकायला जागा नव्हती.

पण मावशी राहायला आली.

त्या दिवशी बाबांना सर्दी होती, म्हणून भुंगी एकटीच बाईंकडे गेली. बाईंनी सगळे जुने शब्द तपासून नवा सराव सांगितला आणि भुंगीने तो मोबाईलवर पानापानांत भरला. इकडे मावशीने घर आवरायला काढलं. कीबोर्डवर उपडा कप बघून म्हणाली, “उद्या टीव्हीवर कढई ठेवाल.” तिने कप उचलला, लख्ख घासला आणि रॅकमध्ये लावून टाकला.

दुपारी बाबा खिडकीशी डाव्या हाताने पुठ्ठ्यावर ब्रश फिरवत बसले होते. पिवळ्या रंगाचा थेंब पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात पडला. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग स्वयंपाकघराकडे मान वळवून म्हणाले, “ठिपकी.”

ती भांडी टाकून आली ती थेट माझ्याकडे. कप नव्हता. ओल्या हातांनीच तिने तो फिकट शब्द उघडला आणि लिहीत सुटली.

भुंगी आली, केबल जोडली. मी विचारलं, दोन्हीकडे बदल झालेत, कुठली ठेवू? तिला वाटलं, घरात कोण लिहिणार, कप ठेवून गेले होते. तिने ‘मोबाईलवरची’ या शब्दावर बोट ठेवलं.

हे मला कसं ठाऊक, म्हणाल. ठिपकीने लिहिलेलं तर माझ्यातून पुसलं गेलं. पण पुढे भुंगीने सगळी हकिकत ‘कपाची गोष्ट’ या पानावर लिहिली. ठिपकीचे मूळचे शब्द मात्र मलाही आठवत नाहीत.

ठिपकी हात पुसत आली. “वाचलंस?”

“काय?”

नाव तिथेच होतं, फिकट आणि तिरकं.

मग जुंपली. तू बघितलं का नाहीस, तू लिहिलंस कशाला, कप नव्हता म्हणून लिहिलं. दोघी खऱ्या होत्या, म्हणून भांडण संपेना. शेवटी स्वयंपाकघरातून मावशी म्हणाली, “कप मी धुतला. चांगला घासून धुतला.”

“परत लिही ना,” भुंगी हळूच म्हणाली.

“आता लिहिलं तर ते आठवून लिहिलेलं होईल. मघाशी माझे हात ओले होते.”

मावशीला राहवेना. तिने ठिपकीला दंडाला धरून बाबांपुढे उभं केलं. “भावोजी, ही कोण?”

बाबांनी मावशीकडे बघितलं. “मूर्ख,” ते म्हणाले.

आधी ठिपकीच हसली, मग सगळे. पण पान कोरंच राहिलं. पुढे कित्येक दिवस ती पुन्हा खिडकीच होती.

भुंगीच्या मनाला ते लागलं होतं. एका सकाळी मोबाईलवर ती माझी पानं उलटत बसली. ‘ब्रश’ आला तेव्हा टर्पेंटाइनचा वास होता. ‘पिवळा’ आला तेव्हा डबा उघडा होता. मग तिला पाटीच्या कोपऱ्यातला ठिपका आठवला. तिने रंग कालवला, पुठ्ठा बाबांपुढे ठेवला आणि मावशीला बजावलं की काही विचारायचं नाही.

बाबा अक्षर काढू लागले. ठिपकी मागून आली, लहानपणीसारखं रंगात बोट बुडवलं आणि पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात टेकवलं.

बाबांच्या कपाळावर आठी आली. “ठिपके,” ते म्हणाले, “हात काढ.”

झटक्यानंतरचं ते त्यांचं पहिलं अख्खं वाक्य. आणि तेही रागावण्याचं, पूर्वी कामात लुडबुड केली की रागवायचे तसं.

ठिपकीने हात काढला नाही. भुंगीकडे बघून म्हणाली, “या खेपेला तूही ऐकलंस. तू लिही.”

भुंगीने मोबाईल काढला. ठिपकीने पिवळ्या बोटांनीच कप उचलून कीबोर्डवर उपडा ठेवला. कपावर त्या बोटांचा डाग अजून आहे. मावशीची ताकद नाही तो घासायची, कारण बाबांनी डाव्या हाताने त्याच्या शेजारी वाकडंतिकडं ‘बाहेर’ असं रंगवलंय.

मी आता सुखात आहे. पानं भरताहेत, अंगठा अजून चुकतोय. तुमच्या घरी माझी कुणी बहीण नांदत असेल, तर एवढंच मागणं आहे. बाहेरून आलात की बटण दाबायच्या आधी घरात हाक मारून विचारा, माझ्या मागे कुणी काही लिहिलंय का?

‘घरातली माणसं’ या पानावर आता एकच नाव फिकट उरलंय, मावशीचं. ती म्हणते, मला मेलीला काय करायचंय त्याचं. पण रोज बाबांचा चहा आता तीच नेते, आणि पेला हातात देऊन लगेच उठत नाही.