न मारलेला दगड

मी एक जुनी शीर आहे, मित्रांनो. पिंपरी पेंढारच्या भरतच्या डाव्या टाचेमागची. तुमच्या टाचेच्या जरा वर दोन बोटांची चिमूट धरून पाहा, एक ताठ दोरी हाताला लागेल. ती माझीच जात. शाळेच्या पुस्तकात मला स्नायुरज्जू म्हणतात, पण भरतच्या घरी सगळे शीरच म्हणतात आणि मला तेच बरं वाटतं. एकदा मी तुटले होते. आता धड आहे, भरतही धड आहे आणि एक माहेर तुटता तुटता वाचलं आहे, म्हणून मोकळ्या मनाने सगळं सांगते.

आधी घराण्याची ओळख करून द्यायला हवी. आम्हा सगळ्यांना मिळून संयोजी ऊती म्हणतात. शरीरातलं एकाला दुसऱ्याशी जोडायचं, सावरून धरायचं, मधल्या जागा भरायच्या, हे आमचं काम. हाडाला हाड बांधून ठेवणारे अस्थिबंध माझे भाऊ. नाकाच्या शेंड्याला आणि कानाच्या पाळीच्या वरच्या भागाला आकार देणारी लवचीक कास्थी माझी बहीण. कातडीखालची चरबी नात्यातलीच. इतकंच काय, टणक हाड आणि वाहतं रक्तसुद्धा आमच्याच भावकीतलं! भावकी म्हटली की सगळे स्वभाव आलेच. आमच्यात पेशी थोड्या आणि त्यांच्यामधला भराव फार. माझ्यातला भराव म्हणजे कोलॅजेनचे बारीक धागे, सगळे एकाच दिशेने दाटीवाटीने लावलेले आणि जरासा पीळ घेतलेले. वाखाचा दोर तसाच असतो. सुटा वाख पोरही तोडतं, पीळ बसला की तोच बैलाला आवरतो.

माझं काम सोपं दिसतं. पोटरीचा स्नायू आखडला की त्याची ओढ मी खाली टाचेच्या हाडापर्यंत पोचवते, टाच उचलली जाते आणि माणूस पाऊल पुढे टाकतो. पण श्रेय कोणाला? पोटरीला! भरत पोरवयात डोंगरात गुरांमागे धावायचा, घाटघरच्या चढावर भल्याभल्यांना मागे टाकायचा, तेव्हा लोक म्हणायचे, "काय पोटऱ्या हायेत गड्याच्या!" मी मागे उभी राहून ऐकत होते. पण खरं सांगते, ते माझे सुखाचे दिवस होते. रोज ओढ मिळत होती, रोज मी थोडी बळकट होत होते.

पुढे भरतने आळेफाट्यावर खतांचं दुकान टाकलं. दुकान चाललं, भरत बसला. सकाळी खुर्चीत बसला की संध्याकाळीच उठायचा. पोट सुटलं, केस पिकायला लागले. मला ओढच मिळेना. आमच्याकडे रक्ताच्या वाटा आधीच कमी. झीज झाली तर ती भरायला फार वेळ लागतो. मी आतून कोरडी, ताठ होत गेले. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, कारण मी कधी दुखले नव्हते.

वर्षातून एकदा मात्र भरतला पुन्हा विसावं वर्ष लागायचं, ते गावच्या यात्रेत. आमच्याकडे यात्रा म्हणजे बैलगाड्यांची शर्यत. चढणीच्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि गाड्याच्या एका धावेला बारी. भरतचा एक बैल आणि त्याची धाकटी बहीण आरती हिचा नवरा चांगदेव याचा एक बैल, अशी जोडी व्हायची. दोन घरांनी बैल मिळून जुंपायचे याला पैरा म्हणतात. चांगदेव राजुरीचा. शर्यतीला पैरा, पेरणीलाही पैरा. मेहुण्या-मेहुण्यांचं चांगलं जमत होतं.

त्या वर्षी, एकोणीसशे नव्याण्णव असावं, बैल जुंपताना चांगदेवने थट्टा केली. "पावणं, तुमी खुर्चीतच बसा. बैल धरायचं काम जड हाय."

चार लोक हसले. चाळिशीला टेकलेला भरत चिडला. त्याने पायातल्या चपला भिरकावल्या आणि स्वतः बैल धरायला गेला. ना दोन पावलं चालून पाय मोकळे केले, ना काही. गाडा सुटला आणि हा त्यामागे जीव खाऊन धावला. पोटरीने एकदम हिसका दिला. मी धरायचा फार प्रयत्न केला, मित्रांनो. फट्‌दिशी आवाज झाला आणि मी तुटले.

भरत पालथा पडला. टाचेवर कोणी नेम धरून दगड घातला असंच त्याला वाटलं. त्याने मान वळवली, तर मागे चांगदेव वाकलेला, हात जमिनीला टेकलेला. बिचारा पडलेली टोपी उचलत होता.

"मेहुण्यानं दगड मारला!" भरत ओरडला. "बैल माझा पुढं जाईल म्हनून मारला!"

"देवाशपथ न्हाई," चांगदेव म्हणाला. "म्या कशापायी मारू? जोडीत माझा बी बैल व्हता."

कोण ऐकतो! रागाला डोळे नसतात. गावातल्या एका जाणत्याने पाय लचकला म्हणून तेल चोळलं. लंगडत का होईना भरत चालत होता, बोटं हलत होती, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. भरतने मात्र पारावर सगळ्यांसमोर सांगितलं की चांगदेवने रविवारी खंडोबापुढे बेलभंडारा उचलावा. आमच्याकडे ही मोठी शपथ. जावयाला अशी शपथ घालणं म्हणजे त्याच्या तोंडाला काळं फासणंच.

चांगदेव भरतच्या घरी आला आणि उंबऱ्याबाहेरूनच बोलला. "उचलतो. मी भ्यालेलो न्हाई. पन त्यानंतर ह्या घरचं पानी मला नको, अन आरतीलाबी न्हाई." आरती यात्रेसाठी माहेरी आली होती. ती परसात जाऊन भांडी घासत बसली आणि एकच पातेलं कितीदा घासलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

खरं काय ते मला एकटीला माहीत होतं. सांगणार कसं? मला तोंड नाही. ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट दिवस.

शनिवारी सकाळी भरत फळीवरचा डबा काढायला गेला. फळी जरा उंच. उजव्या पायावर तो चवड्यांवर उठला, डावी टाच मात्र जमिनीवरून हलेना. आरती पाहत होती.

"दादा, नुसती डावी टाच उचल बरं."

त्याने जोर लावला. टाच उचलायला मी होते कुठे?

"ह्ये लचकनं न्हाई," आरती म्हणाली. "चल, जीपमधी बस. जुन्नरला जाऊ. आजच."

जुन्नरला डॉक्टर परवेज म्हणून हाडांचे डॉक्टर होते. त्यांनी भरतला पालथं झोपवलं, उजवी पोटरी दाबली, तसं पाऊल हललं. डावी दाबली, पाऊल मेल्यासारखं पडून राहिलं. माझ्या जागी त्यांच्या बोटाला खड्डा लागला.

"धावत होता का?" त्यांनी विचारलं. "आणि मागून कुणी दगड मारल्यासारखं वाटलं?"

भरत ताडकन उठून बसला. "तुमाला कुनी सांगितलं?"

"शीर तुटली की बहुतेकांना तसंच वाटतं, भाऊ. कुणी म्हणतं दगड मारला, कुणी म्हणतं लाथ मारली. मागं कुणी नसतं. तुमची शीर आपोआप तुटलीय. आज प्लास्टरची पट्टी बांधतो, सोमवारी टाके घालू."

आरतीने पदर तोंडाला लावला आणि तिथेच ढसाढसा रडली. मित्रांनो, मी तुटलेली होते, पण इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. माझं म्हणणं कोणीतरी बोललं होतं.

रविवारी देवळात गाव जमलं. चांगदेव अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आला होता. त्याने बेलभंडाऱ्याच्या ताटाकडे हात नेला, तोच कुबड्या टेकत भरत आत आला.

"थांबा पावणं, हात नका लावू. दगड कुनी मारलाच न्हाई. माझीच शीर तुटली. म्या तुमच्यावर खोटा आळ घेतला. लई चुकलं माझं."

चांगदेवने ताटाकडे नेलेला हात मागे घेतला. त्याचे डोळे भरले. मग त्याने भरतच्या काखेत हात घालून त्याला खाली बसवलं आणि म्हणाला, "औंदा पेरनी मी करतो दोन्ही बैलांनी. तुमी खुर्चीतच बसा."

या वेळी सगळ्यात मोठ्याने भरत हसला.

सोमवारी मला टाके पडले. सांधून यायला मला पुष्कळ महिने लागले. आमची जात सावकाश जुळते, पण नेटाने जुळते. आता भरत रोज पहाटे चालतो आणि पायरीवर उभा राहून हळूहळू टाचा वर-खाली करतो. आरती माहेरी येते, पोट भरून भांडते, पोट भरून जेवते.

तेव्हा मित्रांनो, धावण्याआधी आम्हाला जरा जागं करा. वर्षभर बसून एका दिवशी हिसका देऊ नका. मोडलेलं अंदाजाने चोळू नका. आणि मागून घाव बसल्यासारखा वाटला, तर आधी दुखणं तपासा; माणूस मग.