लढाईपुरता भरवसा

"आरं, हात चालीव की जयसिंग! तू एक वळ लिवस्तवर ती पोरं दुसरा डोंगर चढून मोकळी हुतील!"

आकाराम तात्यांच्या या ओरडण्यावर वाचनालयासमोरचा सगळा घोळका हसला. स्टुलावर उभा असलेला जयसिंग कांबळे तेवढा हसला नाही. घाईत खडू मोडला होता. त्यानं खिशातून दुसरा काढला, आणि शेवटचा शब्द पुरा केला. 'तोलोलिंग आपल्या ताब्यात.'

मग काय विचारता! टाळ्या, शिट्ट्या, आणि दोघं-तिघं जयसिंगला स्टुलासकट उचलायला धावले.

"आरं सोडा की! डोंगर त्येंनी घेतलाय, म्या न्हाय!"

हे १९९९ सालच्या जून महिन्यातलं. करंजवाडी हे मुरगूडपासून दोन कोसांवरचं गाव. सकाळी आठच्या एस.टी.नं वर्तमानपत्र यायचं आणि वाचनालयाचा ग्रंथपाल असलेला जयसिंग त्यातल्या पाच-सहा ठळक बातम्या बाहेरच्या फळ्यावर लिहायचा. एकोणीस वर्षांत हे काम त्यानं एक दिवस चुकवलं नव्हतं. लग्नाच्या दिवशीसुद्धा हळदीच्या अंगानं येऊन फळा लिहून गेला होता. गावात दोन-तीन घरांत टीव्ही होते, पण टीव्हीवर ऐकलेलंसुद्धा 'फळ्यावर आलं का?' असं विचारून मगच लोक खरं धरत.

एवढी एक गोष्ट सोडली तर करंजवाडीत एकमतानं काही होत नव्हतं. गणपतराव पाटील, म्हणजे आण्णा, यांचा एक गट आणि आकाराम तात्यांचा दुसरा. दूध संस्था दोन, तालमी दोन, गणपती दोन. त्या जूनमध्ये तर वरचा मोठा पक्षच फुटला, आणि या दोघांना भांडायला दोन नवे झेंडे मिळाले. तिकडं दिल्लीतलं सरकार एप्रिलमध्येच एका मतानं पडलेलं, निवडणूक सप्टेंबरात, आणि तोवर पंतप्रधान काळजीवाहू. अशात कारगिलची लढाई येऊन उभी राहिली.

हे पंतप्रधान जयसिंगला कधीच पटले नव्हते. त्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याचं मत कुठं जातं हे गावाला पाठ होतं. सरकार पडलं त्या दिवशी त्यानं फळ्यावर 'एका मताने' या शब्दांखाली दोन रेघा मारल्या होत्या आणि स्वतःच्या पैशानं चार जणांना चहा पाजला होता.

तर घोळका पांगला आणि मागं एकटी विठाबाई चौगले उरली. विधवा बाई, एकुलता एक मुलगा कृष्णात पलटणीत. मेअखेरीस त्याचं पत्र आलं होतं, 'वर चाललोय' एवढंच. तेव्हापासून ती रोज फळ्याशी येऊन उभी राही आणि जयसिंगकडून सगळं वाचून घेई. आज मात्र तिनं वाचायला सांगितलं नाही.

"जयसिंगा, एक इचारू? खरं सांगशील?"

"इचारा की, काकी."

"दिल्लीतल्या त्या म्हाताऱ्यावर भरवसा ठिवावा का रं?"

जयसिंग गडबडला. "मला कशाला इचारताय? आण्णास्नी इचारा, तात्यास्नी इचारा."

"त्येंचं काय खरं! आज एक बोलत्यात, उद्या एक. तुला तर त्यो माणूस डोळ्यापुढं नको हुतो. तू उगंच चांगलं सांगणार न्हाईस, म्हणून तुला इचारायलोय. माझं पोरगं त्येच्या हवाली हाय."

जयसिंगनं हातातला खडू दोनदा इकडून तिकडं केला. फाडकन 'न्हाय' म्हणायचं त्याच्या जिभेवर होतं. पण गेले पंधरा दिवस रोज वर्तमानपत्र वाचणारा तोच होता.

"काकी, माणूस मला पटत न्हाय. उद्याबी पटणार न्हाय. पण त्यो उगंच उड्या मारंना झालाय. आनि एक बगितलंय म्या. जी पोरं गेली त्यांची नावं त्यो झाकंना झालाय. रोज पेपरात येत्यात, पेट्या गावाला येत्यात. मेलेल्याचं नाव जो लपवत न्हाय त्येच्यावर..." तो थांबला. "लढाईपुरता ठिवा भरवसा. माझा शब्द."

"तसं मग लिवून धाड त्येला."

"कुणाला?"

"त्येलाच की! म्हाताऱ्याला कळू दे, आमी मागं हाय म्हणून. आनि माझं पोरगं त्येच्याकडं हाय, हेबी कळू दे."

जयसिंग आधी हसला, पण दुपारपर्यंत त्या कल्पनेनं त्याला झपाटून टाकलं. शाळेतून आणलेला एक मोठा पांढरा कागद टेबलावर पसरून त्यानं वरच्या बाजूला घोटीव अक्षरात लिहिलं: 'आम्ही करंजवाडीचे लोक. आमची मतं वेगवेगळी आहेत आणि निवडणुकीत ती वेगवेगळीच राहतील. पण आमच्या गावचा मुलगा तुमच्या हवाली आहे. लढाई संपेपर्यंत आमचा तुमच्यावर भरवसा आहे.' खाली गावाच्या सह्या. संध्याकाळी त्यानं दोन्ही पुढाऱ्यांना वाचनालयात बोलावलं. अकरा वर्षांत ते दोघं एका खोलीत बसले नव्हते. आले, दोन टोकांच्या बाकांवर बसले, आणि मजकूर ऐकून दोघांनीही मान डोलावली. जयसिंग घाईनं पेन शोधायला लागला.

"झ्याक लिवलंयस," आण्णा म्हणाले. "आण पेन. पयली सई माझी."

"का म्हणून?" तात्या उठलेच. "गेल्या खेपंला सरपंच कुणाचा हुता?"

"पाटीलकी कुणाची हाय?"

"पाटीलकी गेली खड्ड्यात! तुमच्या खाली म्या सई करणार न्हाय. मेलो तरी करणार न्हाय!"

दोन टोकांचे बाक तसेच राहिले आणि दोघं दोन दारांनी निघून गेले. जयसिंग तो कागद गुंडाळून घरी घेऊन आला आणि चुलीसमोर डोकं धरून बसला. त्याची बायको तानूबाई परातीत पीठ मळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"वर कुणाचं, खाली कुणाचं, यावरनं भांडाण हाय न्हवं?"

"व्हय."

"मग या परातीच्या काठाला वरचं कुठलं आनि खालचं कुठलं, सांगा बगू."

जयसिंग तिच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं पिठासकट परातच ओढली. "आवं, भाकरी थापू दे की आदी!" असं ती ओरडेपर्यंत त्यानं पीठ ताटात काढून परात पुसलीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात कागदावर परात पालथी घालून पेन्सिलीनं गोल काढला गेला. सह्या गोलाच्या काठानं, चहूबाजूंनी, बाहेरच्या अंगाला. पहिली कुणाची आणि शेवटची कुणाची, ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. आण्णांनी गोलाला दोन फेऱ्या मारल्या, कुठं खोड सापडते का ते पाहिलं, आणि सही ठोकली. तात्यांनी बरोब्बर समोरच्या बाजूला ठोकली. कांबळ्यांच्या घरातल्या परातीतली भाकरी ज्यांच्या घशाखाली कधी उतरली नसती, ती माणसं त्या परातीच्या गोलाभोवती रांग लावून उभी राहिली. हे जयसिंगला दिसलं. तानूबाईला तर त्याच्याआधी दिसलं होतं.

विठाबाईला सही येत नव्हती. "माझा आंगठा कुटं?" तिनं विचारलं, आणि आण्णा-तात्या दोघंही एकदम म्हणाले, "मधी!" गोलाच्या ऐन मध्यावर तिचा निळा अंगठा उमटला.

पुढं अठरा-एकोणीस दिवस गावाला दुसरा विषय नव्हता. रोपलावणीला गेलेली माणसं चिखलाच्या हातानं येत, रांजणावर हात धुवून सह्या करत. पहिल्या गोलाबाहेर दुसरी ओळ झाली, मग तिसरी. या दूध संस्थेतली बाई त्या दूध संस्थेतल्या बाईला हाका मारून आणी. जयसिंगला झोप म्हणून लागत नव्हती. एकोणीस वर्षं फळ्यावर जगाच्या बातम्या लिहिल्या, आता आपलं गावच बातमी झालंय, असं त्याला वाटे आणि तो आनंदानं खुळ्यासारखा एकटाच हसे. रविवारी कागद पुरा भरला. तानूबाईनं तो कंदिलासमोर धरून नीट बघितला.

"सगळ्या गावाच्या हाईत. तुमची कुटं हाय वो?"

जयसिंगनं कागद हिसकावून घेतला. चारही कडा पाहिल्या. सगळ्यांना पेन देता देता तो स्वतः सही करायलाच विसरला होता आणि आता गोलाबाहेर बोट टेकायला जागा नव्हती. तानूबाई पोट धरून हसली. तोही हसला. "ऱ्हाऊ दे. अक्षर माझंच हाय की. उद्या मुरगूडला जाऊन टपालात टाकतो."

पण उद्याची एस.टी. आली तीच टायगर हिलची बातमी घेऊन. जयसिंगनं फळा आडवा-उभा पुसला आणि हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं. मागं हलगी कडाडली. दोन्ही तालमींची पोरं एकाच हलगीवर नाचायला लागली. आण्णांनी पेढे आणले, तात्यांनी गुलाल. विठाबाईला मध्ये उभं करून बायांनी तिच्या कपाळाला गुलाल लावला. तिनं पहिल्यांदा नको नको म्हटलं, आणि मग तीही हसली.

रस्त्यावर पोलिसांची जीप थांबली ती त्या वेळी. फौजदार उतरला. त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि सगळ्यात पुढं असलेल्या जयसिंगला हळू आवाजात विचारलं, "कृष्णात चौगलेंचं घर कुठलं हो?"

हलगी थांबायला थोडा वेळ लागला. वाजवणाऱ्याला मागं काही ऐकू गेलं नव्हतं.

कृष्णात चौथ्या दिवशी पेटीतून आला. दोन्ही गटांनी खांदा दिला. त्या रात्री जयसिंग जेवला नाही. 'माझा शब्द' असं तो विठाबाईला म्हणाला होता. शब्द द्यायला त्याचं काय जात होतं? पोर तिचं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आलं. आतल्या पानावर कृष्णातचं नाव होतं. जयसिंगनं खडू हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. तेवढ्यात एक चकचकीत गाडी येऊन थांबली आणि तालुक्याचा तरुण कार्यकर्ता पृथ्वीराज खाली उतरला. तो पंतप्रधानांच्या पक्षाचा. त्यानं आधी दुःख व्यक्त केलं, मग मुद्द्यावर आला.

"तो कागद आमच्याकडं द्या, गुरुजी. आम्ही छापतो, तालुकाभर लावतो. मधी शहिदाच्या आईचा अंगठा! सप्टेंबरात दुसरा प्रचारच लागणार न्हाय बगा."

"ह्यो कागद प्रचाराचा न्हाय."

"आवो, भरवसा हाय असंच लिवलंय न्हवं?"

"लढाई संपेपर्यंत, असं लिवलंय!" जयसिंग इतक्या जोरात ओरडला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. "वाचाय येतंय न्हवं तुमास्नी? आनि मताचं तर वरच्याच वळीत लिवलंय! चला, निगा हितनं!"

गाडी गेली. गुंडाळी काखेत मारून जयसिंग तसाच विठाबाईच्या घरी गेला. ती भिंतीला टेकून बसली होती. त्यानं कागद तिच्यापुढं ठेवला.

"काकी, म्या चुकलो. भरवसा ठिवा म्हणून म्याच सांगिटलं. तुमचा आंगठा हाय मधी. तुमी म्हणत असला तर आत्ता फाडतो."

विठाबाईनं कागदावर हात ठेवला.

"फळ्यावर माझ्या पोराचं नाव लिवलास?"

जयसिंगनं मान खाली घातली. "हात हुईना झालाय."

"लिव. झाकू नगंस." मग तिनं विचारलं, "लढाई संपली का रं?"

"न्हाय. अजून चालू हाय."

"मग फाडतोस कशाला? बाकीच्यांची पोरं हाईत न्हवं तितं वर." तिनं कागद त्याच्याकडं सरकवला. "धाडून दे. आनि तुजी सई कुटली ह्यातली?"

"माझी ऱ्हायलीया. जागा न्हाय."

"ही काय हितं," ती म्हणाली आणि गोलाच्या आत, आपल्या अंगठ्याशेजारच्या पांढऱ्या जागेवर तिनं बोट ठेवलं. जयसिंगनं तिथं बारीक अक्षरात सही केली. मग तो वाचनालयाकडं गेला आणि फळ्यावर सगळ्यात वर कृष्णात शामराव चौगले हे नाव लिहिलं. मुरगूडच्या टपाल कचेरीत कारकुनानं पाठवणाऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा त्यानं विठाबाईचं सांगितलं आणि पोच मागितली.

पोच आली ती ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. लढाई थांबून पंधरा दिवस झाले होते. गावातल्या भिंती चुन्यानं रंगल्या होत्या, अर्ध्या आण्णांच्या, अर्ध्या तात्यांच्या, आणि दोघं पुन्हा एकमेकांचं नाव घेत नव्हते. विठाबाई रोजच्यासारखी फळ्याशी आली होती. जयसिंगनं खिशातून ते पिवळट कार्ड काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"काय लिवलंय?"

"काय न्हाय. शिक्का हाय नुसता, दिल्लीचा. पोचलं म्हणून."

"पोचलं न्हवं?"

"पोचलं, काकी."

तिनं कार्ड पदराच्या टोकाला बांधलं आणि गाठ आवळली.

"मग झालं तर. तुजा शब्द पुरा झाला, जयसिंगा. आता तुजं मत तू कुटंबी दे."

जयसिंगनं स्टूल ओढलं, खडू घेतला आणि वर चढला. विठाबाई पदर डोक्यावर घेऊन खाली उभी राहिली.

"हं," ती म्हणाली, "आज काय हाय ते वाच."