काजूगरांची एकशिपी

माघातली ओहोटी. खाडीचं पाणी हलक्या पावलांनी मागे सरलेलं; ओल्या, उघड्या, चमचमत्या चिखलावर ऊन कुठे सोनेरी, कुठे मोरपिशी. याच चिखलात हर्षदाचं सारं बालपण गुडघाभर रुतलेलं होतं.

ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि डोहाळे लागले होते एकाच गोष्टीचे. आईच्या हातची तिसऱ्यांची, खाडीतल्या शिंपल्यांची, एकशिपी! एक शिंप काढून टाकायची, दुसरीत मांस तसंच ठेवून खोबऱ्याच्या वाटणात शिजवायचं. ती शिंप ओठांना लावली, की अख्खी खाडी जिभेवर उतरायची. काय दिवस होते ते!

पण शहरातल्या प्रयोगशाळेत काम करताना हर्षदाने याच खाडीतल्या तिसऱ्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. तिसरीचं रक्त बिनरंगी, निर्मळ. त्यात फिरतात चिमुकल्या रक्षक पेशी. रोगजंतू भेटला, की अंग पसरून त्याला कवेत घेतात आणि गिळून टाकतात. वरच्या अंगाला रसायनांचा कारखाना आला, त्याचं पाणी खाडीत उतरलं, आणि पेशी गिळणं विसरल्या. जंतू शेजारून गेला तरी गोल, निमूट, निश्चल. शिंप बाहेरून तशीच देखणी; आतला पहारा उठलेला. त्या दिवशी हर्षदाला जेवण गेलं नाही.

दुपारी आई, भागीरथी, पाटीभर तिसऱ्या घेऊन हसत दारात आली. हर्षदाने तिला सगळं सांगितलं. यांच्या अंगात आजाराशी झगडायचं बळ नाही, विष मात्र साठलंय; पोटातल्या जिवाला हे नको.

भागीरथीचा चेहरा उतरला. डोहाळे अपुरे राहिले तर बाळाचा कान फुटतो, एवढंच ती पुटपुटली. मग पाटी उचलून खाडीवर गेली आणि तिसऱ्या पाण्यात सोडून आली. जन्मात पहिल्यांदाच ती रिकाम्या पाटीने घरी परतली.

संध्याकाळी चुलीवर तेच वाटण, तोच तिरफळांचा गंध. जुन्या, घासून उजळलेल्या शिंपांत तिने ओले काजूगर भरले, एकेक, हळुवार, आणि ताट लेकीपुढे ठेवलं.

हर्षदाने शिंप ओठांना लावली. खोबरं होतं, तिखट होतं, आई होती. खाडी नव्हती. तिने दुसरी शिंप उचलली.

"तशीच लागता मां गो?"

"तशीच लागता, आये."

पोटात बाळ हललं, सुखावलं, निजलं. त्याला दुसरी चव ठाऊकच नव्हती.